क्लिअर लेकचा विमान अपघात, ३ फेब्रुवारी १९५९: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना ग्राउंड क्लास शिकवते. डिसओरिएंटेशनचा (विमान सरळ आहे की तिरकं हेच न कळण्याचा) धडा आला की दरवर्षी हाच अपघात घेते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, मुलांचे वेगळे, त्यांच्या आईवडिलांचे वेगळे, जुनी इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या मंडळींचे अजून वेगळे. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. एक आधीच सांगते, या अपघातात चार माणसं गेली, पण लोक तीनच मोजतात. चौथा २१ वर्षांचा होता आणि विमान तोच चालवत होता. खाली बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

थोडक्यात सांगा ना, झालं काय होतं?

अमेरिकेतलं आयोवा राज्य, मेसन सिटीचा विमानतळ, रात्रीचे साधारण १२:५५. बीचक्राफ्ट बोनान्झा, एका इंजिनाचं चार सीटचं छोटं विमान, हलका बर्फ पडत असताना टेकऑफ घेतं. आत तीन गायक, बडी हॉली (वय २२), रिची व्हॅलेन्स (वय १७) आणि ‘द बिग बॉपर’ म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन (वय २८). पायलट रॉजर पीटरसन, वय २१. विमान दक्षिणेकडे उडालं, डावीकडे वळून विमानतळाच्या पूर्वेने मागे आलं, साधारण ८०० फुटांपर्यंत चढलं आणि वायव्येला निघालं. विमानाचे मालक टॉवरच्या बाहेर उभं राहून बघत होते, त्यांना शेपटीचा दिवा हळूहळू खाली जाताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. टेकऑफपासून फार तर पाच मिनिटं. विमानतळापासून पाच मैलांवर, म्हणजे आठेक किलोमीटरवर, एका शेतात ते पडलं. कोणी वाचलं नाही.

एवढ्या थंडीत मध्यरात्री विमानच कशाला केलं?

बसमुळे. ‘विंटर डान्स पार्टी’ नावाची टूर होती, २३ जानेवारीला मिलवॉकीहून सुरू झालेली, २४ दिवसांत २४ गावं, आणि गावांचा क्रम असा लावलेला की आज इकडे तर उद्या शेकडो किलोमीटर उलट्या दिशेला. त्यात बसचा हीटर बंद पडायचा. शून्याखालच्या थंडीत बसमध्ये बसून हॉलीच्या ड्रमरच्या पायांना हिमदंश झाला, त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीला क्लिअर लेकच्या सर्फ बॉलरूममध्ये शो झाला आणि पुढचा होता मिनेसोटातल्या मूरहेडला, साधारण ३६५ मैल, म्हणजे जवळपास ५९० किलोमीटर. हॉलीने ठरवलं की विमानाने शेजारच्या फार्गोला लवकर पोचायचं, झोपायचं, कपडे धुवून घ्यायचे. माणशी ३६ डॉलर. मला यातलं कपडे धुवायचं फार लागतं, कारण इतकी साधी गरज होती हो. कितीतरी दिवस घामाचे शर्ट घालून स्टेजवर उभी राहणारी विशीतली पोरं ती.

नाणं उडवून सीट ठरली हे खरं आहे का?

हो. सुरुवातीला हॉलीबरोबर त्याचे दोन साथीदार, वेलन जेनिंग्ज आणि टॉमी ऑलसप जाणार होते. रिचर्डसनला फ्लू झाला होता म्हणून जेनिंग्जने स्वतःची सीट त्याला दिली. ऑलसपच्या सीटसाठी नाणं उडवलं आणि व्हॅलेन्स जिंकला. गोष्ट खरी आहे, पण माझ्या वर्गात मी यावर फार वेळ घालवत नाही, कारण नाणं कसंही पडलं असतं तरी विमान पडणारच होतं.

व्हिजिबिलिटी तर सहा मैल होती म्हणतात, मग हवामान खराब कुठे?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि पहिल्या वर्षाची मुलं इथेच फसतात.

त्या वेळची नोंद अशी: आकाश झाकलेलं, सीलिंग ३,००० फूट (सीलिंग म्हणजे बोलीभाषेत ढगांचा तळ धरा), व्हिजिबिलिटी सहा मैल, हलका बर्फ, दक्षिणेचा वारा २० नॉट (ताशी साधारण ३७ किलोमीटर) आणि झोत ३० नॉटपर्यंत. कागदावर हे वाईट नाही. पण सहा मैल म्हणजे सहा मैलांवरचा दिवा दिसेल, आणि तो दिसायला मुळात दिवा असावा लागतो ना! मेसन सिटीच्या वायव्येला नुसती शेतं, घरं लांब लांब, खाली चार इंच बर्फ, वर ढग, चंद्र नाही, तारे नाहीत. म्हणजे काचेतून बाहेर बघितलं की सगळीकडे एकच काळं, त्यात लँडिंग लाइटच्या उजेडात अंगावर येणारे बर्फाचे ठिपके. क्षितिज नावाची रेघच नाही. आमावस्येच्या रात्री, गावात लाइट गेलेले असताना, विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघा, पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही, तसं.

पायलटला जमिनीवरच्या वस्तू किती लांबून दिसतात यापेक्षा विमान सरळ आहे की तिरकं हे कशावरून कळणार हे महत्त्वाचं. रनवेचे दिवे मागे पडले त्या क्षणी त्याच्याकडे कळायला एकच गोष्ट उरली, समोरचं यंत्रांचं पॅनल.

हवामानाची माहिती घेतलीच नव्हती का?

घेतली होती, एकदा नाही, संध्याकाळी साडेपाचपासून बऱ्याचदा. रात्री दहाला, साडेअकराला, निघायच्या आधी पुन्हा प्रत्यक्ष जाऊन. त्याला सांगितलं गेलं की वाटेतली ठिकाणं ठीक आहेत, सीलिंग ४,२०० फूट किंवा वर, व्हिजिबिलिटी दहा मैल किंवा जास्त, आणि फार्गोला रात्री दोननंतर हलका बर्फ.

जे सांगितलं गेलं नाही ते असं: रात्री ११:३५ ला एक फ्लॅश ॲडव्हायझरी (हवामानाचा तातडीचा इशारा) निघाली होती, बर्फाचा साधारण १०० मैल रुंद पट्टा येतोय, त्यात व्हिजिबिलिटी दोन मैलांच्या खाली. आणि १२:१५ ला अजून एक निघाली, विमानावर बर्फ साचण्याबद्दलची. दोन्ही टेकऑफच्या आधीच्या आणि दोन्ही त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत. चौकशी अहवालात हवामानाच्या ब्रीफिंगमध्ये गंभीर त्रुटी होत्या असं स्पष्ट म्हटलंय. तो विचारत होता, परत परत विचारत होता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्याला बेफिकीर म्हणणाऱ्यांनी अहवालाचं हे पान वाचलेलं नसतं.

पायलटला “कानाने फसवलं” असं म्हणतात, म्हणजे काय? कानाचा काय संबंध?

आपला तोल कानाच्या आतल्या भागात असतो. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यात द्रव. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जरा मागे राहतो, त्यातले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की वळतोय. पण वळणं तसंच एकसारखं चालू राहिलं तर दहावीस सेकंदांत द्रव नळीच्याच वेगाने फिरायला लागतो आणि मेंदूला वाटतं वळणं थांबलं. आणि वळण फारच हळू सुरू झालं तर मुळात काही कळतच नाही.

वर्गात मी ऑफिसची साधी फिरती खुर्ची वापरते. एका मुलाला बसवायचं, डोळे मिटायला सांगायचे, दोन्ही अंगठे ज्या दिशेला वळतोय असं वाटेल त्या दिशेला धरायला सांगायचं आणि खुर्ची एका वेगाने हळू फिरवत राहायची. आधी अंगठे बरोबर दिशेला असतात. थोड्या वेळाने ते सरळ वर येतात, म्हणजे त्याला वाटतं थांबलो, आणि खुर्ची फिरतेच आहे! मग मी खुर्ची अलगद धरून थांबवते. अंगठे झर्रकन उलट्या दिशेला जातात. बाकीची मुलं हसतात, तो डोळे उघडतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण तो शपथेवर सांगायला तयार असतो की मी उलटा फिरतोय. मग हसणाऱ्यातल्या एकाला बसवायचं, त्याचंही तेच होतं.

आता हेच विमानात. काळोखात विमान हळूच उजवीकडे कलतं, कान म्हणतो सरळ आहोत. कललेलं विमान नाक खाली घालून वेग घेतं. पायलटला वेग वाढताना आणि उंची कमी होताना दिसते म्हणून तो नाक वर ओढतो, पण विमान कललेलं असल्यामुळे ओढल्याने वळण अजून घट्ट होतं आणि खाली जाणं वाढतं. याला इंग्रजीत स्मशानाचं नाव असलेला शब्द आहे, आम्ही वर्गात नुसतं स्पायरल म्हणतो.

टेकऑफला आणखी एक भर पडते. विमान वेग घेतं तेव्हा पाठ सीटवर दाबली जाते, आणि बाहेर काही दिसत नसेल तर मेंदूला पाठ दाबली जाणं आणि नाक वर होणं यातला फरक कळत नाही. नाक फारच वर गेलंय असं वाटून माणूस ते खाली दाबतो, जमीन जवळ असताना. मी स्वतः पहिल्यांदा हूड लावून (डोळ्यांवर झापड असते, फक्त पॅनल दिसतं) टेकऑफनंतरची चढाई केली तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला होता. शेजारी इन्स्ट्रक्टर होते, त्यांनी नुसतं माझ्या मनगटाखाली बोट धरलं. तो बोटाचा स्पर्श मला अजून आठवतो.

पण पॅनलवर विमान तिरकं आहे हे दाखवणारं यंत्र असतंच ना?

होतं. विमान ऑक्टोबर १९४७ मध्ये बनलेलं होतं तरी इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगला (फक्त यंत्रांवर उडवायला) लागणारं सगळं त्यात होतं. अडचण अशी की त्यातला ॲटिट्यूड गायरो (हेच ते यंत्र) स्पेरी कंपनीचा एफ३ मॉडेलचा होता, आणि पीटरसन शिकला होता नेहमीच्या आर्टिफिशियल होरायझनवर (त्याच कामाचं दुसरं यंत्र). नाक वर आहे की खाली हे स्पेरी नेमकं उलट्या पद्धतीने दाखवायचा.

कल्पना करा, वीस वर्षं तुम्ही ॲक्टिव्हा चालवताय आणि एका रात्री, पावसात, ट्रकच्या पुढे तुम्हाला अशी गाडी दिली की मूठ मागे पिळली की वेग कमी होतो. दिवसा मोकळ्या मैदानावर दोन तासांत शिकाल. त्या रात्री नाही शिकणार. अहवालाचा अंदाज हाच आहे की तो वळत वळत खाली चालला होता आणि त्याला वाटत असावं की वळत वळत वर चढतोय. बोनान्झावर त्याचे १२८ तास झाले होते, पण बाहेर क्षितिज दिसत असलं की या यंत्राकडे बघायची वेळच येत नाही, त्यामुळे ते तास इथे कामाला आले नाहीत असं माझं मत.

ऑटोपायलट नव्हता?

नुकताच बसवला होता. चालू स्थितीत नव्हता.

पायलटकडे लायसन्स नव्हतं असं वाचलंय.

चुकीचं वाचलंय. कमर्शियल लायसन्स होतं, ७११ तासांचा अनुभव होता, २१ व्या वर्षी हे कमी नाही. नव्हतं ते इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही न बघता फक्त यंत्रांवर उडवण्याची मान्यता. त्याची लेखी परीक्षा तो पास झाला होता, ५२ तास ट्रेनिंगही घेतलं होतं, पण मार्च १९५८ मधल्या फ्लाइट टेस्टला नापास झाला होता. म्हणजे त्या रस्त्यावर तो अर्ध्यात होता. अर्ध्यात असलेल्या माणसाला आपण शिकलोय असं वाटतं आणि ते खोटंही नसतं, म्हणून मला नवशिक्यांपेक्षा अर्ध्यात असलेल्या मुलांची जास्त काळजी वाटते.

बाहेर दिसत नाही म्हटल्यावर सरळ मागे का नाही फिरला?

फिरणं हेच तर अवघड. १९५४ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला होता. इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग न येणारे २० पायलट घेतले, त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं आणि बघितलं किती वेळ विमान ताब्यात राहतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सगळ्यात लवकर २० सेकंदांत, सगळ्यात उशिरा ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. एकोणीस जण त्याच स्पायरलमध्ये गेले. आणि विमान कोणतं वापरलं होतं? बोनान्झाच. प्रयोगाचा हेतू पायलटला घाबरवणं हा नव्हता, अशा वेळी फक्त यंत्रांवर १८० अंशात वळून परत कसं यायचं ते शिकवता येतं का हे बघायचं होतं, आणि शिकवल्यावर ते जमत होतं. आजही आम्ही पोरांकडून तेच वळण पुन्हा पुन्हा करून घेतो.

पीटरसनची चारपाच मिनिटं त्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

इंजिन बंद पडलं होतं, विमानात गोळी झाडली गेली, हे खरं का?

नाही. प्रोपेलर कसा तुटला त्यावरून इंजिन आपटताना ताकद देत होतं हे दिसलं. गोळीची अफवा यावरून की हॉलीचं पिस्तूल नंतर त्या शेतात सापडलं. २००७ मध्ये रिचर्डसनच्या मुलाच्या सांगण्यावरून वडिलांचं शव काढून तज्ज्ञाकडून तपासलं, गोळीची खूण नव्हती, आणि हाडं इतकी मोडलेली होती की मृत्यू तत्काळ आला असणार. २०१५ मध्ये चौकशी पुन्हा उघडायची मागणी झाली, तीही मान्य झाली नाही.

यंत्रांच्या काट्यांनीच बरंच सांगितलंय. स्पीडचा काटा ताशी १६५ ते १७० मैलांमध्ये अडकलेला, खाली जाण्याचा वेग मिनिटाला ३,००० फूट, आणि तो स्पेरी गायरो ९० अंश उजवीकडे कललेला, नाक खाली. आधी उजव्या पंखाचं टोक टेकलं. तुकडे ५४० फुटांवर पसरले आणि विमानाचा मुख्य भाग काटेरी तारेच्या कुंपणाला जाऊन अडकला.

सापडायला सकाळ का झाली?

पीटरसन हवेत गेल्यावर रेडिओवर फ्लाइट प्लॅन देणार होता. तो आलाच नाही. मालकांनी रेडिओवरून परत परत बोलवायला लावलं, उत्तर नाही. रात्री, बर्फात कुठे शोधणार? सकाळी ते स्वतः आपल्या सेस्नामधून निघाले आणि ९:३५ च्या सुमाराला त्यांनाच विमान दिसलं. म्हणजे साडेआठ तास ते तिथेच पडून होतं. बातमी इतक्या वेगाने पसरली की हॉलीच्या गरोदर बायकोला नवरा गेल्याचं टीव्हीवरून कळलं.

मग चूक पायलटचीच ना शेवटी?

सप्टेंबर १९५९ च्या अहवालात मुख्य कारण हेच दिलंय, फक्त यंत्रांवर उडवावं लागेल अशा उड्डाणाला तशी मान्यता आणि क्षमता नसताना निघायचा त्याचा निर्णय शहाणपणाचा नव्हता. हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन, ब्रीफिंगमधल्या त्रुटी आणि त्या यंत्राची सवय नसणं.

मला हे मान्य आहे. नाही म्हणायचा अधिकार त्याचा होता आणि त्याने तो वापरला नाही. पण मी त्याला दोषी म्हणून वर्गात उभं करत नाही. रात्रीचे साडेबारा, समोर तीन प्रसिद्ध गायक गारठलेले, पैसे ठरलेले, हवामान कार्यालय म्हणतंय ठीक आहे, आणि याचं लग्न होऊन सहा महिनेही झालेले नाहीत. “मला इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, मी नेणार नाही” हे वाक्य त्या वयात, त्या माणसांसमोर उच्चारून बघा. मी माझ्या मुलांकडून ते खरंच मोठ्याने म्हणवून घेते, एकेकाला उभं करून, मराठीत आणि इंग्रजीत.

कमी दिसत असताना टेकऑफला होणारे सगळे अपघात असेच असतात का?

नाही. २० ऑक्टोबर २०१४ ला मॉस्कोच्या व्नुकोवो विमानतळावर फाल्कन ५० जातीचं खासगी जेट धुक्यात टेकऑफ घेताना रनवेवर आलेल्या बर्फ हटवणाऱ्या गाडीला धडकलं. व्हिजिबिलिटी ३५० मीटर. ‘टोटल’ या फ्रेंच तेल कंपनीचे प्रमुख क्रिस्तोफ द मार्जरी आणि तिघे कर्मचारी गेले. तिथे पायलटच्या तोलाचा प्रश्न नव्हता, रनवे मोकळा आहे की नाही याचा होता. तो वेगळा धडा आहे.

मॅडम, माझा मुलगा अमेरिकेत सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतोय, रात्री सोलो जातो. काळजी करू का?

घाबरू नका, पण त्याला विचारा जरूर. आपल्याकडे अंधार पडल्यावर व्हीएफआर (म्हणजे बाहेर बघून केलेल्या) उड्डाणाला सहसा परवानगी नसते, फ्लाइंग क्लबच्या ट्रेनिंगसारखे अपवाद सोडून. अमेरिकेत मात्र रात्री व्हीएफआर सर्रास चालतं, त्यामुळे इथून गेलेली मुलं तास भरायला रात्री उडतात, आणि तिथे शहर सोडलं की मैलोन्‌मैल एक दिवा नसतो. त्याला एवढं विचारा: टेकऑफच्या पुढे खाली दिवे आहेत की शेत, पाणी? शेत किंवा पाणी असेल तर आकाश निरभ्र असलं तरी रनवे संपायच्या आधीच डोळे पॅनलवर आणि निदान हजार फुटांपर्यंत तिथेच. आज कोणतं विमान मिळणार, त्यातला डिस्प्ले नेहमीचा आहे की वेगळा? ऑटोपायलट चालू आहे हे स्वतः तपासलं का? हवामान विचारताना नुसतं “आत्ता कसं आहे” विचारलं की “माझ्या वाटेवर कोणती वॉर्निंग निघालीय का” हेही विचारलं?

आणि त्याने फोन करून सांगितलं की आज फ्लाइट कॅन्सल केली, तर पैशांचं काही बोलू नका.

त्या विमानाला काही खास नाव होतं का?

नाही. १९७१ च्या ‘अमेरिकन पाय’ या प्रसिद्ध गाण्याचं शीर्षक हे विमानाचं नाव होतं असं बरेच जण समजतात. विमानाला फक्त नोंदणी क्रमांक होता, एन३७९४एन.

ती जागा बघता येते का?

येते. क्लिअर लेकच्या उत्तरेला गावाबाहेरच्या रस्त्याकडेला मोठ्ठा काळ्या फ्रेमचा चष्मा उभा केलाय, हॉलीच्या चष्म्यासारखा. तिथून कुंपणाच्या कडेने शेतातून चालत जायचं. १९८८ मध्ये बसवलेली स्टीलची गिटार आणि तीन रेकॉर्ड तिथे आहेत, लोक फुलं, नाणी, चष्मे ठेवून जातात. हॉलीचा खरा चष्मा बर्फ वितळल्यावर शेतात सापडला होता आणि नंतर कितीतरी वर्षं सरकारी पाकिटात पडून राहिला, १९८० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आला. आता तो टेक्सासमधल्या लबकला, त्याच्या गावी आहे.

पायलटचं स्मारक तिथे २००९ मध्ये बसवलं, अपघाताला पन्नास वर्षं झाली तेव्हा.